ओट्यावरची चूल

—नाई साहेब, तो कागद आधी खाली ठेवा, अन मी सांगतो ते आयका. खरं सांगून राह्यलो. या कडुलिंबाखाली, या बाजेवर बसून खोटं बोललो तं माह्या ओळंब्याचा दोरा तुटून तो पितळी गोळा माह्याच पायावर पडो. एक अक्षर खोटं नाई. आता सांगता सांगता एखादं अक्षर इकडचं तिकडं सरकते, ते कोणाचं सरकत नाई? भाकरीसंग ठेचा लागतेच ना? पण भाकर खरी. म्हणजे पाऊण भाकर खरी. पाव भाकरीचं मी काई सांगत नाई. अन उठता कायले? जीपवाला तुमचा हिंगणघाटले टायर घेऊन गेला, तो काई दोन तास येत नाई. तुमी इचारलं का बांधून दिलेल्या चुली लोक काऊन वापरत नाईत, तं त्याचंच उत्तर देऊन राह्यलो. उत्तर नकोच असन तं गोठ वेगळी. उत्तर तं तुमी लिहूनच आणलं — मले वाचता येते साहेब, चौथी पास आहे मी, उलटा धरलेला कागदही वाचतो — 'बिनधुराच्या चुली, एकूण बत्तीस. बंद एकतीस. कारण, लोकांचे अज्ञान.' अज्ञान! बत्तीस चुली फिरले तुमी, अन बत्तीसही दारातून वाकून पाह्यल्या. बूट काढाले लागू नये म्हणून. अन जी एक चालू म्हणून लिहिली ती कोणती? शाळेतली! त्या चुलीत आजवर काडी पेटली नाई. मास्तर तिच्यात खडूचे डबे ठेवते. म्हणून तं तिची चिमणी पांढरीशिप्पट आहे, अन तुमी ते पाहून म्हणले, वा, धूर बिलकुल नाई.

हासा, हासा. मीही हासलो असतो. पण तुमी म्हणता का येत्या महिन्यात हाच नकाशा घेऊन पन्नास गावी चुली बांधणार, म्हणून माहं डोकं फिरून राह्यलं. म्हणून सांगतो. ही गोठ चुलीची नाई साहेब, एका बाईच्या डोळ्याची आहे. पंचफुला तिचं नाव. अन तिचा नवरा कवडू मिस्त्री, अल्लीपूरकडचा. नाई, या गावचा नाई. इथून कोस-दीड कोस. तुमी ओळखत नसान. मीही त्याले लय ओळखत नाई — म्हणजे ओळखतो, एका धंद्यातला माणूस, बाजारात भेटते, चिलीम ओढते, गोठी सांगते. त्यानं सांगितलं ते सांगतो.

तं या कवडूच्या गावी पहिले साहेब आले. तुमच्या आधीचे. चार सालं झाली असन, योजनेच्या जीपा नव्या नव्या फिरून राह्यल्या होत्या तेव्हाची गोठ. माणूस वाईट नव्हता, बरं का. वाईट असता तं बरं झालं असतं, लोकाइनं त्याचं आयकलंच नसतं. भल्ला चांगला माणूस. कोण्या घरी गेला, तिथं बाई चुलीत फुंकणी घालून फुंकून राह्यली, डोळ्यातून धारा, नाकातून धारा, अन वाकून वाकून कंबर मोडली. साहेबाच्या डोळ्यात पाणी आलं. आता ते धुराचं आलं का मायेचं, देव जाणे. पण आलं. म्हणे, या माउल्याइनं जमिनीवर बसून धूर कायले खावा? चूल वर घेऊ. अडीच फूट ओटा. उभ्यानं स्वयंपाक. चुलीले झाकण, अन धुराले चिमणी, छपरातून वर. अन नकाशा काढला साहेब — निळा कागद, त्याच्यावर पांढऱ्या रेघा, इतका देखणा का कवडूनं तो पाटावर ठेवून त्याले हळद-कुंकू लावलं. त्या नकाशात एक बाई काढली होती. चुलीपुढं सरळ उभी. डोक्यावर पदर नाई. कपाळावर घामाचा थेंब नाई. अन त्या घरात सासरा कुठंच काढला नव्हता.

आता इथं पहिली खुटी हुकली, पाहा. आपल्याकडं चूल कोण घालते? गवंडी? कोण्या जन्मी गवंड्यानं चूल घातली? चूल बाई घालते. तळ्याची माती, त्यात शेण, घोड्याची लीद, धानाचा कोंडा — स्वतः तुडवते, स्वतः थापते, अन मापते कशानं? आपल्या वितीनं. तिच्या हाताची वीत, तिच्या घरचं मडकं, तिच्या बसण्याची उंची. दोन घरच्या चुली कधी सारख्या नसतात साहेब, दोन घरच्या बाया सारख्या नसतात म्हणून. पण योजनेत बाईले मजुरी देता येत नाई, मिस्त्रीले देता येते. म्हणून कवडूले बोलावलं. ज्या माणसानं जन्मात चहा केला नाई तो चुलीचा मुख्य मिस्त्री झाला! तसा कागद दिला त्याले, शिक्क्याचा. तो त्यानं काचेत बसवून घेतला. अन साहेब म्हणले, पहिली चूल तुझ्याच घरी बांध कवडू, नमुना म्हणून. चार गावचे लोक पाह्याले येतीन. झालं! कवडूचे पाय जमिनीवर टेकेनात. पंचफुलाची लग्नापासूनची चूल त्यानं एका सकाळी पावड्यानं काढली अन उकिरड्यावर फेकली. तिले इचारलं का? कायले इचारन? निळ्या कागदात ती तं उभीच होती.

पहिल्या दिवशी काय झालं आयका. चिमणी इतकी ओढे, इतकी ओढे, का तव्यावरची भाकर उचलल्या गेली, झाकणाच्या फटीतून आत गेली, अन वरून भुर्रकन निघून नाल्यापलीकडं जंगलूच्या अंगणात पडली. जंगलूनं ती खाल्ली अन निरोप धाडला, मीठ कमी आहे. हे तुमाले खोटं वाटून राह्यलं. वाटू द्या. तुमच्या कागदावरचं अज्ञान तुमाले खरं वाटते, तं माही भाकर उडाले काय हरकत आहे?

बरं, भाकर ठेवा बाजूले. भाकर ठेवा बाजूले म्हणतो, पण सारी भानगड भाकरीचीच आहे साहेब. तुमी कुठले? पुण्याकडचे? मंग तुमच्या घरी पोळ्या असन. भाकर तव्यावर अर्धीच होते. उरलेली अर्धी होते चुलीच्या तोंडाशी — निखारे पुढं ओढायचे, भाकर त्याच्यापुढं उभी टेकवायची, मंग ती फुगते. साहेबाच्या चुलीले तोंडच नव्हतं, झाकण होतं. मंग पंचफुलानं काय केलं? झाकण काढून ठेवलं. कोणतीही बाई तेच करन. कच्ची भाकर नवऱ्यापुढं ठेवली तं तो काय निळा कागद पाह्यते? दुसरं, जळण. साहेबाच्या नकाशात लाकडाचे हात हात लांब सरळ तुकडे. आमच्याकडं कापूस वेचून झाला का चुलीत काय जाते? पऱ्हाट्या. माणसाएवढ्या लांब, वाकड्यातिकड्या, कपाशीच्या बोंडाच्या कवट्यासकट. त्या घातल्या का झाकण लागते कशाले! म्हणजे झाकण गेलं. अन झाकण गेलं का चिमणी कायले ओढन? धूर समोरून, सरळ घरात.

अन तिसरं आयका, हे कोण्या साहेबाच्या ध्यानात येत नाई, कारण साहेबाइनं भाकर थापलेली नाई. परात कशी धरतात? पायाच्या अंगठ्यानं. एका अंगठ्यानं परातीची कड दाबून ठेवाले लागते, नाई तं थापता थापता परात फिरते. मंग उभ्यानं कशी थापणार? खाली बसून थापली तं दर भाकरीले उठा, अडीच फूट वर जा, तव्यावर टाका, पुन्हा खाली बसा. अठरा भाकरी घरी, माणसं सात. त्यात ओसरीवर सासरा रामाजी बुढा, सरळ चुलीकडं तोंड करून बसलेला — सून उभी दिसली का खाकरे. खाकरणं म्हणजे काय ते तुमाले सांगाले नको. मंग पंचफुलानं काय केलं? तिनं परात घेतली, पदर डोळ्यापर्यंत ओढला, अन ओट्यावर चढून बसली. चुलीशेजारी! उकिडवी! जशी जमिनीवर बसे तशी, फक्त अडीच फूट वर. साऱ्या गावच्या बाया तशाच बसल्या, एकतीसच्या एकतीस. न सांगता, न ठरवता. काय करन साहेब, ओटा आहे, चूल वर आहे, भाकर तं बसूनच होते.

आता हे सांगतो ते नीट आयका, इथं मी मस्करी करत नाई. कोणत्याही स्वयंपाकघरात जा, भिंतीवर काजळीची एक रेघ असते. पूर ओसरल्यावर भिंतीवर राह्यते ना, तशी. तिच्या वर काळंकुट्ट, खाली मातीचा रंग. धूर तिथपर्यंत उतरते, खाली येत नाई. जमिनीवर बसलेल्या बाईचं डोकं त्या रेघेच्या खाली राह्यते. डोळ्यात धूर जाते, पण येता-जाता जाते. अडीच फूट वर नेली का तिचं सारं डोकं रेघेच्या वर. धुरातच. रोज दोन्ही वेळ, तास तास. डोक्यावर पदर ओढलेला, त्यात तो धूर कोंडलेला. साहेबानं धूर तिच्यापासून दूर नेला नाई, तिलेच उचलून धुरात नेऊन बसवली! अन कवडूले हे दिसलं होतं. दिसलं होतं साहेब. मिस्त्रीले रेघ नाई दिसणार तं कोणाले दिसन? जन्मभर रेघाच पाह्यल्या. ओटा बांधून झाला त्याच दिवशी ओळंबा धरताना त्याची नजर भिंतीवर गेली, अन मनात आलं का बुवा, ही रेघ तं ओट्यावर बसलेल्या माणसाच्या गळ्याशी येते. आलं, अन गेलं. कारण निळ्या कागदावर ती रेघ नव्हती. अन कागदावर शिक्का होता. मी म्हणलं, साहेबाले आपल्यापेक्षा जास्त कळते — म्हणजे तो म्हणला. कवडू म्हणला.

काय? हो, जिजाबाईची हाक आहे ती. शेजारीण. रोज या वख्ताले येते, भाजी निवडाले. लय बोलते ती, तिच्याकडं ध्यान देऊ नका— काय म्हणली? 'पंचफुला, बाज आडवी आहे व अंगणात, जपून ये'— असंच म्हणली काय? मंग? काय पाह्यता माह्याकडं असे? एका नावाच्या दोन बाया नसतात काय मुलखात? अल्लीपूरच्या बाजारात उभं राहून पंचफुला म्हणून हाक मारा, सात बाया वळून पाह्यतीन. अन जपून ये म्हणली त्यात काय, बाया एकमेकीले जपूनच म्हणतात.

...

बरं. बरं, तुमी तसंच पाहून राह्यले तं — मी तानबा मिस्त्री. तो काचेतला कागद आत भिंतीवर आहे, आता तोंड भिंतीकडं करून टांगला आहे. कवडू कोणी नाई. पण मले कवडूच म्हणू द्या साहेब. स्वतःच्या नावानं सांगाले लागलो का जीभ जड होते. कवडूले शिव्या देता येतात. कवडूले अज्ञानीही म्हणता येते, तुमचा शब्द वापरून.

तं कवडू. पंचफुलाचे डोळे आधी पाणावले. मंग सकाळी उठली का चिकटलेले राहात, कोमट पाण्यानं सोडवाले लागत. मंग पदरानं चोळाले लागली. ती म्हणली, अहो, ही चूल खाली घ्या. कवडू म्हणला, नमुन्याची चूल आहे, मोडता येत नाई, मंगळवारी वर्ध्याहून लोक येऊन राह्यले पाह्याले. अन आले! दोन जीपा भरून! कवडूनं आदल्या दिवशी बाभळीच्या वाळल्या फांद्या हात हात लांब तोडून ठेवल्या, चिमणी झाडली, झाकण घासलं, अन चुलीवर भाकर नाई ठेवली, फक्त चहाचं आधण ठेवलं. काय जळली ती चूल! धुराचा ठिपूस नाई. लोकाइनं टाळ्या वाजवल्या. मंग फोटो. पंचफुला चुलीपाशी उभी होती, तं कवडू तिले हळूच म्हणला, तू जराशी बाहेर जाय व, डोळे लाल दिसून राह्यले तुहे, फोटोत बरं दिसत नाई. ती गेली. मुकाट्यानं गेली, गोठ्यात जाऊन बसली. फोटो काढला, महिन्यानं छापून आला. कवडू, साहेब अन चूल. फोटो तं काळा-पांढरा होता साहेब. लाल दिसलेच नसते.

पाणी पेता? नाई? बरं.

मंग पुढचं पावसाळ्यात. चिमणीतून पाणी गळे, चूल विझे. छपर गवताचं, ठिणगी उडन म्हणूनही भ्याव. मंग बायाइनं काय केलं, चिमणीवर मडकं पालथं घातलं. हेही तुमी लिहिलं आहे ना, 'चिमण्यांवर मडकी आढळली'? आढळली! अज्ञानानं नाई आढळली, पाऊस वरून येते म्हणून आढळली. त्या साली पंचफुलाच्या एका डोळ्यात बुबुळावर पांढरं दिसाले लागलं. तेव्हा ती दुसऱ्यांदा म्हणली. म्हणली, तुमी चूल मोडू नका, पण एक दिवस वर येऊन माह्याजवळ बसा. दिवसभर नाई म्हणत मी. एका वेळच्या भाकरीएवढं बसा. माणसानं बाईच्या चुलीपाशी बसावं, अन बाप ओसरीवर खाकरून राह्यला! कवडू म्हणला, पाहू.

पण बसला. हो, बसला साहेब! हे ध्यानात ठेवा, हेच महत्त्वाचं आहे. पोळ्याच्या आधीचा दिवस होता. बुढा वावरात गेला होता. पंचफुलानं परात घेतली अन चढली, अन कवडूही तिच्या बाजूले चढला. उकिडवा. गुडघे हनुवटीले. पहिल्या भाकरीले काई नाई. दुसऱ्या भाकरीले डोळे चुरचुरले. तिसरी तिनं निखाऱ्यापुढं उभी केली तेव्हा त्याले निखारे दिसेनात. म्हणला, तुले दिसते काय व? ती म्हणे, मले कायले दिसाले पाह्यजे, वासावरून कळते भाकर झाली का नाई. चौथ्या भाकरीले कवडू खाली उतरला नाई साहेब, पडला. आंधळ्यासारखा चाचपत मोरीपर्यंत गेला, तोंडावर पाण्याचे लोटे ओतले. अन डोळे उघडले तं पहिली काय दिसली, ती रेघ. बस! तसाच गेला, सब्बल आणली, अन ओटा फोडला. नमुन्याची चूल, शिक्क्याची चूल, फोटोतली चूल — दहा घावात मोकळी. मंग त्यानं बायकोले पुढं बसवलं, म्हणला, तू सांग, मी बांधतो. खाली, जमिनीवर. तोंड रुंद, पऱ्हाट्या जातीन असं, अन निखाऱ्याले पुढं विताएवढी जागा. झाकण नाई. चिमणी छपरातून नाई, मागच्या भिंतीतून तिरपी, वळचणीखाली निघणारी — पाऊस नाई लागत, गवत नाई पेटत. अन बाई बसते तिथं भिंतीत एक झरोका, खाली, तिच्या कानाएवढ्या उंचीवर, का वारा तिच्या पाठीकडून येईन अन धूर पुढं लोटीन. एवढंच. याच्यात नवं काय आहे? काई नाई. पण धूर गेला साहेब. रेघ वर सरकली, हातभर. अन पंचफुलाचे डोळे निवळले. दोन महिन्यात निवळले. संक्रांतीले तं सुई ओवली तिनं, एका झटक्यात, दोरा ओला न करता. हे कवडूनं डोळ्यानं पाह्यलं. आता तशा चुली अकरा घरी आहेत. नाल्यापलीकडच्या वस्तीत, ज्याइनं नवा धम्म घेतला त्याइच्याकडं, तिथं तीन आहेत — तिकडं तं तुमी गेलेच नाई, यादीत नाव नव्हतं म्हणून. अन इकडच्या आठ चुली तुमी पाह्यल्या. काय लिहिलं? बंद! काऊन, तं नकाशाप्रमाणं नाई. चुलीवर वरण रटरटून राह्यलं, बाई तुमच्यासमोर बसून भाकर थापून राह्यली, अन तुमी कागदावर लिहून राह्यले का चूल बंद! मी काय म्हणू याले? तुमीच सांगा, काय म्हणू?

...

हं. आता कसं. वरचं खोडलं ना? अज्ञान खोडलं? बरं झालं. नाई नाई, तुमाले वाईट वाटावं म्हणून नाई बोललो मी. तुमी शिकलेले आहात, आयकून घेतलं, खोडलं, हेच लय. पहिले साहेब असते तं— हो, तिरपी चिमणी. हो, मागच्या भिंतीतून. झरोका खाली, कानाएवढ्या उंचीवर, बसलेल्या कानाएवढ्या, ते 'बसलेल्या' नक्की लिहा. पन्नास गावी हीच बांधान म्हणता? अन बायाइले इचारून? तिच्या वितीनं? साहेब, तुमी बसा, मी गूळ-पाणी—

थांबा. ते काय लिहून राह्यले खाली? दाखवा. 'सुधारित चूल. रचना, तानबा मिस्त्री.'

खोडा ते.

नाई, खोडा. लाजतबिजत नाई मी. मी कधी लाजलो? बाजारात चार माणसं जमली का मी हीच गोठ सांगतो, हासून हासून सांगतो, लोक म्हणतात वा मिस्त्री, मी म्हणतो, धुरात बसलो ना, म्हणून शिकलो. दोन सालं सांगून राह्यलो. पण कागदावर कोणी लिहिलं नव्हतं आजवर. तुमी लिहून राह्यले. पन्नास गावी जाईन ते. खोडा.

खोटं कोणतं ते सांगतो. कवडू बसला, तेवढं खोटं.

बसला नाई. एकही दिवस नाई बसला. ती दुसऱ्यांदा म्हणली, तिसऱ्यांदा म्हणली, अन मी दोन्ही वेळा पाहू म्हणलं. दुसऱ्या डोळ्यातही फूल पडलं तेव्हा बैलगाडीत घालून वर्ध्याले नेलं. डॉक्टर म्हणले, सालभर आधी का नाई आणलं. मी म्हणलं, वावराचं काम होतं. हेही खोटं, वावर कुठं आहे मले. घरी आणलं, अन दुसऱ्या दिवशी मी अल्लीपूरच्या बाजाराले निघून गेलो. घरात राहावत नव्हतं. परत आलो तं घराच्या दारापर्यंत माती. तिनं मुसळानं ओटा फोडला होता. चाचपून चाचपून. सब्बल नाई, मुसळ. सब्बल कुठं ठेवतो ते मी तिले कधी सांगितलं नव्हतं. जिजाबाईनं माती तुडवून दिली, बाकी सारं तिनं. वितीनं मापलं. झरोका कुठं पाह्यजे ते गालाले वारा लागते तिथं हात ठेवून ठरवलं. ती तिरपी चिमणी — माती आत ढासळू नये म्हणून उसाच्या कांड्याइची मोळी घालून भोवती थापली, अन वाळल्यावर मोळी जाळून टाकली. मी वीस सालं गवंडी आहे साहेब, मले नसतं सुचलं. ती चूल तिनं अजून पाह्यली नाई. अन मी काय केलं? मी वरून चुन्याचा गिलावा दिला, बरं दिसावं म्हणून. तो तडकला. तोही तिनं खरवडून काढला.

सुई? ...सुई तिनं ओवली नाई. सुई मी ओवून देतो.

आता ते नाव लिहा. माहं नाई. पंचफुला. पुढं तानबा लावाले लागते तुमच्या कागदात, तं लावा, पण छोट्या अक्षरात लावा. अन अशी रचना का केली ते मले इचारू नका, मले ठाऊक नाई. ती आत आहे. भाकरी थापून राह्यली. जा, तिच्याजवळ बसा, अन तिलेच इचारा. मी? नाई, मी नाई येत. मी बाहेरच बरा. जा साहेब, उठा. बूट इथं काढा.